सुखरामचा घास

रंभाबाईच्या घरात दोन हट्टी जीव होते, एक नवरा आणि दुसरा कुत्रा. दोघांत जास्त हट्टी कोण, याचा निकाल सिहोऱ्याजवळच्या त्या गावात कधी लागला नाही. गाव म्हणायचं कुत्रा. रंभाबाई म्हणायची, ज्यानं त्याला शिकवलं तो.

कुत्र्याचं नाव पटवारी. मोहाडीच्या बाजारातून खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून आणलेलं मातकट रंगाचं पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. अंगणात सोडल्याबरोबर ते चारी कोपरे हुंगून आलं, कुंपणाच्या कडेकडेनं एक फेरी मारली आणि मग मधोमध उभं राहून सगळ्यांकडे संशयानं पाहू लागलं. "हा तं पटवारीच आला बापा, मोजनीले," रंभाबाईचा नवरा म्हणाला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

नवऱ्याचं नाव सुखराम. हे आपण सांगू शकतो, रंभाबाई सांगू शकत नव्हती. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरी आली, तेव्हा सासू गोदावरीबाईनं तिला चुलीपाशी बसवून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. भाताची पेज फेकायची नाही, तिन्हीसांजेला झाडू लावायचा नाही आणि मालकाचं नाव तोंडात आणायचं नाही. "एक डाव नाव घेतलं का मालकाचा एक दिवस कमी होते," सासू म्हणाली होती. सासूच्या बहिणीनं म्हणे विहिरीवर भांडताना रागाच्या भरात नवऱ्याचं नाव घेतलं, एकदा नाही, पंधरा-वीसदा, आणि महिन्याच्या आत त्याला साप चावला. सासू कधीचीच गेली, पण तिचा शब्द चुलीपाशी तसाच बसून राहिला. रेशन कार्डवाला दारी आला आणि त्यानं मालकाचं नाव विचारलं, तर रंभाबाई शेजारच्या धनीरामला नुसतं 'भाऊ' म्हणून हाक मारी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका उखाणा घ्यायला खेटल्या, की ती तिळाचा लाडू तोंडात कोंबून गप्प बसे. गावात लोक येता-जाता रामराम करत, ही नुसते हात जोडी, कारण त्यात अर्धं नाव येत होतं. याला कोणी भोळेपणा म्हणो. तिच्या लेखी ती राखण होती. नवरा शेताची राखण करतो, ती त्याच्या दिवसांची करत होती.

पटवारीच्या आधी त्या घरी एक साधा कुत्रा होता, भाकर दिसली की कोणासमोरही शेपूट हलवणारा. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात खळ्यावर धानाचं पुंजणं रचून ठेवलं होतं. कोणी तरी त्या कुत्र्याला विषाचा गोळा टाकला. सकाळी पाहतात तो कुत्रा बांधाशी आखडून पडलेला आणि अर्धं पुंजणं गायब. गाव धानासाठी हळहळलं. सुखराम मात्र कुत्र्याच्या तोंडाचा फेस दुपट्ट्यानं पुसत बसला होता. "याले मीच मारलं," तो म्हणाला, "कोनाच्याही हातचं खायले शिकवलं."

म्हणून पटवारीचं शिक्षण पहिल्या दिवसापासून कडक. सुखराम जर्मनच्या थाळीत लाखोळीचं वरण कालवलेला भात ठेवी, तुरीची काडी हातात घेऊन शेजारी बसे आणि पिल्लानं शब्दाविना नाक पुढं केलं की काडी हलकेच नाकावर वाजवी. शब्द कोणता, यावर त्यानं चार दिवस विचार केला. 'खा', 'घे', 'ये' हे तर कोणताही चोर म्हणेल. शेवटी त्याला असा शब्द सुचला, की स्वतःवरच खूश होऊन तो मांडी थोपटत हसला. तो म्हणे, "सुखरामचा घास!" आणि मगच पिल्लाला तोंड लावू देई. "चोर येईन तं माझं नाव घेऊन त्याले जेवू घालन का? चोराले माझ्या नावाचंच तं भ्या वाटते!" आपल्या नावाचा चोरांवर असा वचक आहे, हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

इतर कुत्र्यांना जे महिन्यात येत नाही, ते पटवारी आठ दिवसांत शिकला. पण तो नुसता शिकणारा नव्हता, कायद्यात स्वतःची कलमं घालणारा होता. धनीरामनं मुद्दाम सुकी मासोळी टाकून पाहिली, पटवारीनं तिच्यावर माती लोटली. सुखरामनं घरातून ओरडून शब्द म्हटला आणि थाळी धनीरामनं पुढं केली, तरी हा ढिम्म. ज्याच्या हाती घास, त्याच्याच तोंडी शब्द हवा, ही अट त्याची स्वतःची. आणि 'बस' म्हटल्यावर बसणं त्याला जन्मात मान्य झालं नाही. सुखराम वर्षभर 'बस, बस' करत राहिला, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी थकून तो स्वतः खाली टेकला, तर पटवारीही शेजारी टेकला. त्याचं म्हणणं साफ होतं. आधी तू बस, मग मी बसतो.

आता घरात दोन माणसं, तेव्हा दुसऱ्या माणसाचा हातही कुत्र्याला कळायला हवा. सुखरामनं रंभाबाईला अंगणात बसवलं, तिच्या हातात भाताचा गोळा दिला, तिचं मनगट आपल्या हातात धरलं आणि स्वतः शब्द म्हटला. दोघांचे हात एकत्र, म्हणून पटवारीनं थोडा विचार करून तो घास मान्य केला. असं पाच-सात दिवस झालं. मग सुखरामनं तिचं मनगट सोडलं.

"आता तू म्हन."

"मी नाई म्हनत."

"अवं, कुत्र्यासमोर कायची लाज? थो कोनाले सांगनार हाये?"

"लाजेचं नाई जी," ती म्हणाली आणि गोळा थाळीत ठेवून उठली.

"मंग मी नसलो तं हा उपाशी मरन का?"

"तुमी कायले नसान?" ती एवढ्या जोरात म्हणाली की कुत्र्यानं पडलेला कानही उभा केला.

त्या दिवसापासून सुखरामला चाळाच लागला. खरं तर शब्द बदलता आला असता. रंभाबाईनं दहादा सुचवलंही, की 'घरचा घास' म्हणा, 'धानाचा घास' म्हणा. पण एकदा बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं, ही हौस त्याच्या मनात केव्हाची होती, आणि ती पुरी करायला त्यानं कुत्रा कामाला लावला होता. एकदा तो गोंदियाकडे लग्नाला गेला आणि मुद्दाम तीन दिवस राहिला. पटवारी तीन दिवस थाळीकडे पाठ करून बसला. रंभाबाईनं गयावया केली, रागावली, पेज करून हातानं त्याच्या तोंडात घातली. त्यानं ती दातांच्या फटीतून तशीच गळू दिली. तिसऱ्या दिवशी सुखराम परत आला, कुत्र्याला जेवू घातलं आणि चुलीपाशी येऊन बसला.

"नाई म्हनलं न?"

"नाई."

"तीन दिवस त्याले उपाशी ठेवलं, पन माझा एक दिवस कमी होऊ देल्ला नाई," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण मग बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिला. तिच्या आंधळ्या भीतीच्या पोटात काय आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं. तरी शब्द बदलला नाही तो नाहीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

मग सहा वर्षं गेली. पटवारीच्या राज्यात खळ्यावरचा एक पेंढा हलला नाही. सुखरामही पुन्हा मुक्कामाला कुठं गेला नाही.

एक्क्याऐंशी सालच्या कार्तिकात, धान कापून बांध्यांत, शेताच्या वाफ्यांत, पडलेलं असताना, सुखरामचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ म्हणून आधी गावठी औषध झालं, माळ घालून झाली, उसाचा रस झाला. पंधरा दिवसांनी तो उठून उभा राहीना, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ केशव तुमसरहून आला आणि बैलगाडीत घालून, पुढं एसटीनं, त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. रंभाबाई निघाली होती, पण सुखरामनंच तिला थांबवलं. "धान बाहेर पडून हाये, बैलं हायेत. अन् याले कोन पाहीन?" गाडीमागं चालू लागलेल्या पटवारीकडे त्यानं बोट केलं. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "त्याले जेवू घालजो." त्या वेळी तो हसला नाही.

गाडी गेली त्या दिवसापासून पटवारी फाटकाशी बसला. पहिले दोन दिवस रंभाबाईनं मनाला समजावलं, की तीन दिवस तर तो आधीही राहिला होता. तिसऱ्या दिवशी तिनं थाळी सकाळ-दुपार-संध्याकाळ पुढं ठेवली आणि तिन्ही वेळा कावळ्यांनी ती साफ केली. तो पाणी पी. बांधीत जाऊन एखादा उंदीर त्यानं मारला असेल तर असेल. चौथ्या दिवशी धनीरामनं एक युक्ती काढली. घास रंभाबाईच्या हातात आणि कुंपणापलीकडून धनीराम ओरडला, "सुखरामचा घास!" पटवारी ताडकन उठला, घासाला ओलांडून फाटकाकडे धावला आणि तासभर रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मग मान खाली घालून परत आला. "नोका म्हनू गा भाऊ पुन्हा," रंभाबाईनं हात जोडले. उपासापेक्षा हे फार क्रूर होतं.

पाचव्या दिवशी त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. ती त्याच्यासमोर थाळी घेऊन बसली आणि तिनं खरोखर तोंड उघडलं. पण तिथं तिच्या डोळ्यांपुढं गाडीत पडलेला माणूस आला. आधीच त्याचे किती दिवस उरलेत कोण जाणे. दिवसाला दोन घास म्हटले तरी रोज त्याचे दोन दिवस आपण आपल्या जिभेनं खाणार. धडधाकट माणसाचा एक दिवस गेला तर कळतही नाही, पण याचे? तिनं थाळी खाली ठेवली. कुत्रा तिच्याकडे पाहत होता, त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. ते तिला रागापेक्षा जड गेलं.

सहाव्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेली. सुखराम खाटेवर केवढासा झाला होता. तिला पाहताच त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पटवारी जेवला?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुतूहलानं म्हणाला, "तुमच्या गावचा पटवारी तुमच्या घरी जेवते का जी?" केशव हसला. सुखरामचं मात्र सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

"जेवला," रंभाबाई म्हणाली. आजारी माणसाला घोर नको, एवढाच तिचा विचार.

पण त्या एका शब्दानं त्याचा चेहरा एकदम उजळला. तो कोपरावर उठू लागला. "म्हंजे तू घेतलं? माझं नाव घेतलं? कसं घेतलं वो? एक डाव म्हन न, मले आयकू दे."

तिनं आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिलं. केशव समजून बाहेर गेला. शेजारचा म्हातारा भिंतीकडे वळला. ते नाव तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं, अगदी ओठांच्या आत. तिनं वर पाहिलं, ते पिवळे डोळे, ती दुपट्ट्यावर पडलेली काडीसारखी बोटं.

"घरी या," ती म्हणाली. "घरी या, मंग म्हनीन."

"एक दिवस कमी झाला तं होऊ दे न. त्या एका दिवसात मी कोनतं मोठं काम करनार होतो?"

तिनं त्याच्या अंगावरचा दुपट्टा सारखा केला. तो हळूहळू पुन्हा उशीवर टेकला. म्हणाला, "मंग थो जेवला नाई." रंभाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझीच चूक हाये," तो म्हणाला. "हौस माझी, अन् उपास त्याचा. घरी जाय. मले नाई आयकवलं तं नाई, पन त्याले म्हन. त्याचा काय गुन्हा हाये वो?"

दुपारच्या गाडीनं ती परतली. एसटीत खिडकीशी बसून तिनं ठरवलंच होतं, की घरी जायचं आणि म्हणायचं. खुद्द मालकानंच सांगितलं, मग सासूचं काय आणि कोणाचं काय. फाटकाशी पटवारीनं तिचे हात हुंगले, बोटं हुंगली, पुन्हा हुंगली. त्या हातांना दवाखान्यातल्या सुखरामचा वास होता. कुत्र्याची शेपूट सहा दिवसांत पहिल्यांदा हलली. तिनं भात कालवला, गोळा केला, समोर धरला, आणि तिची जीभ टाळूला चिकटली. आज नको, तिच्या मनानं म्हटलं. आज त्याला फार अशक्तपणा आहे. उद्या जरा उतार पडला की म्हणू.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी केशव जीपमधून त्याला घेऊन आला, तेव्हा म्हणायला कोणाची मनाई उरली नव्हती.

जीपभोवती माणसं गोळा झाली. पटवारी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत आला, त्यानं सुखरामच्या तळव्यांचा वास घेतला आणि एक आवाजही केला नाही. माती नदीवर नेली तेव्हा तो सगळ्यांच्या मागं, थांबत थांबत गेला. परत आला तोही सगळ्यांच्या शेवटी. मग फाटकाशी आडवा झाला. या वेळी त्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं.

माती देऊन माणसं परतली, की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी वरण-भात रांधून आणतात, कडुनिंबाचं पान दाताखाली धरायचं आणि घरच्यांनी तो घास गिळायचा. त्याला कडू घास म्हणतात. धनीरामची आई शकुनबाई पत्रावळ घेऊन आली आणि रंभाबाईसमोर बसली. "खाय माय. दोन घास तरी खाय."

रंभाबाई भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "शेवटी काही बोलले का?" तिनं दाराशी बसलेल्या केशवला विचारलं.

"नाई वहिनी. कालपासून शुद्धच नव्हती."

म्हणजे शेवटचा दिवस त्यानं बेशुद्धीत काढला होता. सव्वीस वर्षं एक एक करून तिनं ज्याचे दिवस राखले, त्याला शेवटी तिनं राखून दिलेला दिवस तो होता, ज्यात त्यानं ना तिला पाहिलं, ना काही ऐकलं. त्याच्या आदल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या त्याला काय हवं होतं, ते तर तिच्या ओठांत होतं. फुकट होतं. तिनं दिलं नाही. प्रेमानं दिलं नाही, हे खरं. पण दिलं नाही, हेही खरं.

ती उठली. शकुनबाईनं तिचा पदर धरला, "कुठं चालली बाई? असं उठू नये."

"बाहेर एक उपाशी हाये," रंभाबाई म्हणाली आणि पत्रावळ उचलून अंगणात गेली.

ऊन कलत आलं होतं. ती पटवारीसमोर जमिनीवर बसली. पडलेला कुत्रा धडपडत उठला, आणि ती बसली म्हणून तोही बसला. तिनं भाताचा गोळा केला.

"घे रे," ती म्हणाली. त्यानं मान फिरवली.

"त्यायचा घास हाये, बापा. घे." त्याचा उभा कान जरासा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. नियम म्हणजे नियम. ज्यानं केला तो गेला, तरी हा पाळणार होता.

रंभाबाईनं डोळे मिटले. पहिल्या खेपेला नुसती हवाच बाहेर आली. दुसऱ्या खेपेला अर्धं नाव आलं. मग तिनं पूर्ण म्हटलं, मोठ्यानं, घरात बसलेल्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं.

"सुखरामचा घास."

घरातली कुजबुज एकदम थांबली. पटवारीनं आधी फाटकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनं त्याला पाहू दिलं, तिनंही पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं, तिच्या हाताचा वास घेतला, तिच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याच्या हाती घास, त्याच्याच तोंडी शब्द.

"सुखराम," ती म्हणाली. "सुखराम. सुखरामचा घास हाये रे हा." आणि आता तिला रडू फुटलं, दिवसभराचं, सव्वीस वर्षांचं. रडता रडता ती म्हणत राहिली. कुत्र्यानं मान लांब केली आणि तिच्या ओंजळीतून भात खाऊ लागला, हळूहळू, खाण्याचं विसरल्यासारखा. प्रत्येक गोळ्याला तिनं नाव घेतलं. एकदाही चुकवलं नाही. शकुनबाई दारात येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला, पण हटकलं नाही.

पत्रावळीत शेवटचा एक गोळा आणि निंबाचं पान उरलं. पटवारी थांबला आणि वाट पाहू लागला. रंभाबाईनं पान दाताखाली धरलं, गोळा उचलला, "सुखरामचा घास," म्हणाली आणि स्वतः खाल्ला.